‘वाइटापासून सोडव’ म्हणजे नेमकं कशापासून?

मिशनच्या शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला, त्याचा धर्म कोणताही असो, एक प्रार्थना हमखास पाठ असते. सकाळी वर्गाबाहेर रांगेत उभं राहून, डोळे अर्धवट मिटून म्हटलेली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी ती सुरू होते आणि शेवटाकडे एक ओळ येते : ‘आम्हांला वाइटापासून सोडव.’ माझी एक मैत्रीण दहा वर्षं रोज ही ओळ म्हणत होती. गुड फ्रायडेच्या सुट्टीला ती घरी आली आणि तिनं सरळ विचारलं, “तुमचा येशू माझ्या पापांसाठी मेला असं तुम्ही म्हणता. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि मी रोज सोडव सोडव म्हणत होते ते कशापासून गं?”

मी जन्मानं ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेली. तरी मला तिला धड उत्तर देता आलं नाही. तारण, कृपा, पापक्षमा हे शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखे वापरले जातात, त्यामुळे ते उलगडून सांगायची वेळच कधी येत नाही. तिला तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथं सांगते आहे.

सोड आणि सोडव

त्याच प्रार्थनेत जरा आधी दुसरी ओळ आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ऋणी म्हणजे कर्जदार. पापाला इथं कर्ज म्हटलं आहे.

मराठीत हे दोन शब्द शेजारी येऊन बसले आहेत आणि त्यांच्यात सगळा अर्थ आहे. कर्ज ‘सोडायचं’ असतं, अडकलेल्याला ‘सोडवायचं’ असतं. सावकारानं गड्याचं कर्ज सोडलं, वहीवर काट मारली, आणि तरीही गडी त्याच्याच वाड्यावर वेठीला राबत राहिला, तर तो सुटला असं कुणी म्हणणार नाही. दोन्ही व्हावं लागतं. ख्रिस्ती माणूस ‘तारण’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हे दोन्ही असतं. (बँकेच्या पाटीवरच्या ‘सोनेतारण कर्जा’तलं तारण ते हे नव्हे. बुडणाऱ्याला तारणं, त्यातलं हे तारण.) आणि हे तारण कमावता येत नाही, फुकट मिळतं, या गोष्टीला ‘कृपा’ म्हणतात. कठीण शब्द एवढेच.

पण कर्ज सुटलं, वाड्यातूनही सुटका झाली, तरी माणसाला गावात तोंड दाखवावंसं वाटत नाही. या तिसऱ्या गाठीबद्दल आमच्या चर्चमध्येही फार कमी बोललं जातं.

हिशेब आणि तोंड

पापाबद्दलचे आपले वाक्प्रचार आठवून पाहा. पापाचा घडा भरतो, केल्याची किंमत मोजावी लागते, हिशेब चुकता करावा लागतो. सगळी मोजमापाची भाषा. आता लाजेचे पाहा. तोंड काळं झालं, नाक कापलं गेलं, मान खाली गेली, डोळ्याला डोळा भिडवता येईना. सगळे गळ्याच्या वर.

अपराधाची टोचणी म्हणते, ‘हे मी करायला नको होतं.’ लाज म्हणते, ‘मी असायलाच नको होते.’ पहिलीवर इलाज असतो. दंड भरता येतो, माफी मागता येते, शिक्षा भोगून मोकळं होता येतं. दुसरीपुढे यातलं काही चालत नाही. शिक्षा पुरी करून तुरुंगातून आलेला माणूस कायद्याच्या हिशेबात कोरा असतो, पण गावात उतरताना तो अंधार पडल्यावरची एसटी निवडतो.

आणखी एक फरक आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अपराध ज्यानं केला त्याचाच असतो. लाज मात्र न केलेल्याच्या वाट्याला येते. अत्याचार झालेली मुलगी दुपट्ट्यानं तोंड झाकते. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला की बायकोकडे बोट दाखवलं जातं. लोन ॲपवाले फोटोत फेरफार करून पोराच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतात, आणि घराबाहेर पडायचं बंद होतं ते पोराचं. अशा माणसाला जाऊन ‘देव तुझ्या पापांची क्षमा करील’ असं सांगणं हा दुसरा मार आहे. त्यानं पाप केलेलंच नाही.

झाडाआड

बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या पुस्तकात, आदाम आणि हव्वेची गोष्ट आहे. नको म्हटलेलं फळ त्यांनी खाल्लं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढे काय झालं ते सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी अंजिराची पानं जोडून अंगाला गुंडाळली. देवाची चाहूल लागताच ते झाडांआड लपले. आणि सापडल्यावर आदामानं बायकोकडे बोट दाखवलं, बायकोनं सापाकडे. झाकणं, लपणं, ढकलणं. लाज माणसाकडून आजही हीच तीन कामं करून घेते.

त्या वेळी देव विचारतो, ‘तू कोठे आहेस?’ काय केलंस, हा प्रश्न त्यानंतरचा. शिक्षा टळत नाही, बागेतून बाहेर जावंच लागतं. पण बाहेर घालवण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून नेसवतो. पानं वाळून गळून पडणार हे त्याला दिसत होतं.

विहिरीवर, भर दुपारी

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. (शुभवर्तमान म्हणजे येशूच्या आयुष्याची हकिगत. बायबलात अशी चार आहेत.) येशू चालून दमला आहे आणि शोमरोनातल्या सूखार गावाबाहेर विहिरीच्या कडेला बसला आहे. वेळ दुपारी बाराची. एक बाई एकटीच पाण्याला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो.

ती चपापते. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ‘तुम्ही यहूदी, आणि मज शोमरोनी बाईकडे पाणी कसं मागता?’ असं ती विचारते. या प्रश्नाची धार मराठी वाचकाला वेगळी समजावून द्यायला नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या ओंजळीसाठी काय घडलं ते आपल्याला माहीत आहे.

बोलता बोलता तो सांगतो की तुला पाच नवरे झाले आणि आता आहे तो तुझा नवरा नाही. पुष्कळ प्रवचनांत इथं तिला ‘पापिणी’ करून टाकतात. मूळ मजकुरात तो शब्द नाही. त्या काळी घटस्फोट देण्याचा अधिकार बहुतेक पुरुषाच्याच हाती असे. पाच वेळा विधवा झाली की टाकली गेली, की काही तिचीही चूक होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. एवढं दिसतं की पाण्याला बायका सकाळ-संध्याकाळ मिळून जातात तेव्हा ती येत नाही. भर उन्हात येते, कुणी भेटणार नाही अशा वेळी.

आणि मग जे होतं ते मला दर वेळी थांबवतं. ती घागर तिथंच टाकून गावात धावत जाते आणि ज्या लोकांना चुकवत होती त्यांनाच सांगते, ‘चला, मी केलेलं सारं ज्यानं मला सांगितलं तो माणूस पाहा.’ जे लपवायला ती भर दुपारी येत होती ते आता तिच्याच तोंडी आहे. तिचा भूतकाळ पुसला गेलेला नाही, पाच नवरे पाचच राहिले. पण सगळं माहीत असूनही कुणीतरी तिच्याकडे पाणी मागितलं आणि उठून गेला नाही. ख्रिस्ती विश्वासात लाजेवरचं औषध म्हणतात ते हे आहे, पूर्णपणे ओळखलं जाणं आणि तरीही टाकलं न जाणं.

फुलहॅम ते केडगाव

याच अध्यायानं एका मराठी बाईचं आयुष्य वळलं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. संस्कृतच्या पंडिता, आईवडील दुष्काळाच्या हालांत गेलेले, आंतरजातीय लग्न केलेलं, दोन वर्षांच्या आत विधवा, कडेवर लहान मनोरमा. समाजाच्या नजरा काय असतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

लंडनजवळ फुलहॅमला त्यांनी जोगिणींचं, म्हणजे सिस्टरांचं काम पाहिलं. ज्यांना जग ‘पतित’ म्हणून झिडकारत होतं अशा बायकांना तिथं सांभाळत होते. हे लोक असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल सिस्टरनं त्यांना शोमरोनी बाईची ही गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच वाँटेज गावी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे त्या विधिपूर्वक ख्रिस्ती झाल्या. पुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, त्याला आणखी आठेक वर्षं जावी लागली. घाईनं साक्ष देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वाद झाले. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेत मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो राग समजण्यासारखा होता. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. पण त्यानंतर दौंड तालुक्यातल्या केडगावला जे उभं राहिलं तेही पाहायला हवं. १८९६ पासूनच्या दुष्काळांत रमाबाई मुलींना, विधवांना गोळा करून आणत गेल्या, आणि तिथल्या बायकामुलींची संख्या हजारापुढे गेली. जागेचं नाव ‘मुक्ती’. जगानं टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर, त्याचं नाव ‘कृपासदन’. या बायकांच्या हाताला काम होतं : छापखाना, विणकाम, तेलघाणी, गाईम्हशी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी बाई मान खाली घालते ती अक्षरं पाहण्यासाठी. रमाबाईंना लाजेबद्दल काहीतरी फार खोलवर कळलेलं होतं असं मला या एका गोष्टीवरून वाटतं.

पण त्याच्या मरणाशी माझा काय संबंध?

मैत्रिणीचा पहिला प्रश्न हा. दोन बाजूंनी सांगते.

एक कर्जाची बाजू. दुकानदारानं तुमची उधारी सोडली तर ते पैसे हवेत विरत नाहीत, खड्डा त्याच्या गल्ल्यात पडतो. सरकारनं कर्जमाफी दिली की भार तिजोरीवर येतो. माफी म्हणजे नुकसान माफ करणाऱ्यानं सोसणं. बायबलात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला ‘जामीन’ म्हटलं आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यानं एक रुपया उचललेला नसतो, पण फेडायला तो बांधील असतो. ही उपमा एका जागी तोकडी पडते. जामीनदार बहुधा भिडेखातर सही करतो आणि मग पस्तावतो, शिवाय पतसंस्था वेगळी आणि जामीनदार वेगळा. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की इथं जामीन स्वखुशीनं राहिला, आणि ज्याचं देणं होतं तो देवच येशूच्या रूपानं खाली उतरून तोटा सोसता झाला. आपल्या मराठीत प्रायश्चित्त अपराध्यानं घ्यायचं असतं. बायबलात ते ज्याचा अपराध झाला त्यानं घेतलं आहे. नवा वाचक बहुधा इथंच अडखळतो.

दुसरी बाजू लाजेची. वधस्तंभ ही नुसती मारण्याची सोय नव्हती. त्यासाठी रोमन लोकांकडे तलवार होती. गुलाम आणि बंडखोर यांना रस्त्यालगत, बहुधा नागवं करून, येणाऱ्याजाणाऱ्यांनी थुंकावं म्हणून टांगत. शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले, अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असं शुभवर्तमानात आहे. आपल्या चित्रांत कमरेला वस्त्र असतं, ते चित्रकारांनी नेसवलं आहे. या मरणाची किती नाचक्की होती त्याचा एक पुरावा रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर मिळाला. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास कुणीतरी भिंतीवर ओरखडून चित्र काढलं : क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला भक्त, आणि शेजारी ग्रीक अक्षरं, ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो.’ ही टिंगल आहे. क्रुसावरच्या मरणाची जी जुन्यात जुनी चित्रं उरली आहेत त्यांतलं हे एक.

म्हणजे ज्यांचं तोंड काळं झालं त्यांच्या रांगेत देव स्वतः जाऊन उभा राहिला, असा याचा अर्थ ख्रिस्ती लोक घेतात. जिचे कपडे भर चौकात ओढले गेले तिला आम्ही सांगू शकतो की ज्याची आम्ही उपासना करतो त्याचेही ओढले गेले होते. आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. जगानं दिलेला निकाल देवानं फिरवला, म्हणून त्या शुक्रवारला ‘गुड’ म्हणायचं. उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. त्यानं ते झाकले नाहीत, उलट शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला बोट लावून पाहायला सांगितलं.

मग काय, पाप करा आणि माफी मागा?

हा आक्षेप इतका जुना आहे की येशूचा प्रेषित पौल यानं पहिल्याच शतकात, बायबलातल्या रोमकरांस पत्रात, तो स्वतःच मांडून फेटाळला. त्याचं चांगलं उत्तर जक्कयच्या गोष्टीत आहे. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला हा जकातदार बुटका होता, येशूला पाहायला झाडावर चढून बसला. येशू खालून म्हणाला, उतर, आज मी तुझ्याच घरी उतरणार. घरी यायचं ठरल्यावर जक्कयनं जाहीर केलं की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत. क्रम पाहा. पंगतीला बसवलं आधी, पैसे परत केले नंतर. पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे, पायांची दिशा बदलणं. चौपट परत करायचं नाव न काढता नुसती माफी मागणाऱ्याला काही झालेलंच नाही असं समजावं.

‘करावं तसं भरावं’ हे बायबललाही मान्य आहे. माणूस जे पेरतो तेच कापतो, असं तिथंही लिहिलं आहे. क्षमा झाली म्हणून दारूनं सडलेलं यकृत आपोआप बरं होत नाही. आणि कृपेवर भरवसा ठेवणं मराठी मनाला परकंही नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत.

‘वाइट’ म्हणजे सैतान का?

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वाइटापासून’ असाही होतो आणि ‘त्या दुष्टापासून’ असाही. बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग करतोस का, असं विचारतात. आम्ही ते मनापासून मानतो, की वाईट ही माणसाच्या एकट्याच्या इच्छेपेक्षा मोठी पकड आहे. गुत्त्यावरून परत फिरू म्हणणाऱ्याला विचारा. हुंडा नको असं मनात असलेल्या बापाला विचारा, तो बैठकीत गप्प का बसतो.

पण ज्याला आवाज ऐकू येतात, जी बाळंतपणानंतर रडणं थांबवू शकत नाही, त्यांच्या अंगात सैतान शिरला म्हणणं हा अन्याय आहे. प्रार्थना जरूर करा, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस ही फुकट मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. मारून, डांबून, उपाशी ठेवून भूत काढणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो काढणाऱ्याच्या हातात क्रूस असला तरी लागू होतो.

चर्चनंच लाज लादली, त्याचं काय?

या आक्षेपापुढे मान तुकवावी लागते. ज्या काळात केडगावला कृपासदन उभं राहत होतं त्याच काळात आयर्लंडमध्ये मठांच्या धोबीखान्यांत लग्नाआधी गरोदर राहिलेल्या आणि घरच्यांना नकोशा झालेल्या मुली डांबून राबवल्या जात होत्या. त्यांतला शेवटचा धोबीखाना १९९६ साली बंद झाला, तिथल्या पंतप्रधानांनी २०१३ मध्ये माफी मागितली. धर्म तोच, प्रार्थना तीच. देशोदेशी पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार चर्चनं ‘बदनामी नको’ म्हणून झाकले. झाडाआड लपणं दुसरं काय असतं?

म्हणून स्पष्ट सांगते. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला ‘क्षमा कर आणि गप्प बस’ असं जो पाळक सांगतो तो शुभवर्तमान सांगत नाही. क्षमा करणं आणि पोलिसांत तक्रार देणं यांत विरोध नाही. जी लाज तिची नाही ती ज्याची आहे त्याच्या दारात नेऊन ठेवणं, हीसुद्धा सुटका आहे.

ही सुटका एकट्यानं होते का?

स्वतःच्या चुकीबद्दल बायबलचं मराठी भाषांतर फार सुंदर शब्द वापरतं : पापं ‘पदरी घेणं’. ढकलायचं नाही, लपवायचं नाही, आपल्या पदरात घ्यायचं. गोव्याकडचे कॅथलिक याला कुमसार म्हणतात. पाद्र्यापुढे गुडघे टेकून सांगितलेलं तो कुणालाही, अगदी न्यायालयातही, सांगू शकत नाही. आमच्याकडे, प्रॉटेस्टंटांत, देवापुढे मनात, किंवा विश्वासाच्या माणसापुढे सांगतात. कुणापुढे तरी सांगावं असं माझं मत आहे. माणसांच्या नजरेनं झालेली जखम माणसाच्या नजरेखालीच भरते. त्या प्रार्थनेत ‘मला’ हा शब्द कुठंच नाही, सगळीकडे ‘आम्हांला’ आहे.

आमच्या चर्चमध्ये एक बाई यायची. नवऱ्यानं ठेवीदारांच्या पैशांत हात मारला होता, तो तुरुंगात. ती पहिलं गीत सुरू झाल्यावर यायची आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जायची. चपला दाराशी अशा काढायची की उलट्या पावली पाय घालता यावेत. बरेच दिवस आम्ही सगळे ते पाहत होतो आणि कुणी काही करत नव्हतो, मीसुद्धा. मग पुढच्या बाकावरच्या एक आजी उठून मागे जाऊन बसायला लागल्या. बोलायच्या नाहीत. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक त्या गीताच्या पानाशी उघडून तिच्या जागेवर ठेवायच्या, म्हणजे उशिरा आली तरी तिला पान शोधत बसावं लागू नये. चार-पाच महिन्यांनी ती एकदा चहाला थांबली, कप दोन्ही हातांत धरून, भिंतीला टेकून.

अजूनही काही रविवारी तिला उशीर होतो. पुस्तक उघडून ठेवलेलं असतं.